आभारातलं एक नाव

पुण्यात आभारप्रदर्शन हा कार्यक्रमाचा भाग नसतो, ती चपला शोधायची वेळ असते. व्यासपीठावरून कुणी 'आता आभार मानण्यासाठी' एवढं म्हणायचा अवकाश, मागच्या रांगांतल्या खुर्च्या करकरायला लागतात. आभार मानणारा बिचारा मंडपवाल्यापासून माईकवाल्यापर्यंत नावं घेत असतो आणि निम्म्या सभागृहाची पाठ त्याच्याकडे झालेली असते. आमच्या यांना कॉलेजात असल्यापासून या गोष्टीचं वाईट वाटायचं, कारण प्रत्येक कार्यक्रमाचे आभार यांच्याच गळ्यात पडत. भाषणं करायला मोठ्या घरची मुलं असायची. लग्नानंतर हे ती हकीकत मला सांगत आणि म्हणत, "कुणी ऐकतच नाही गं." मी म्हणे, "मग थोडक्यात आटपावं."

पुढे हे कुलगुरू झाले आणि ती राहिलेली हौस यांनी लेखी भागवून घेतली.

यांच्याआधी विद्यापीठात कुलगुरूंकडून जे काही येई ते 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' असं सुरू व्हायचं आणि वाचणारा आधी आपलं काय चुकलं ते आठवायला लागायचा. यांनी दर महिन्याच्या सुरुवातीला एक संदेश पाठवायला घेतला. प्राध्यापक, कारकून, वसतिगृहातली मुलंमुली, बागेतली माणसं, सगळ्यांना. ज्यांच्याकडे ईमेल नाही त्यांच्यासाठी कॅन्टीनच्या फळ्यावर. त्यात बातम्या असत. मागच्या फाटकापाशी दिसलेला बिबट्या हा बिबट्या नसून रानमांजर होतं. मुलींच्या वसतिगृहातली पाण्याची टाकी अखेर धुतली गेली. भूगोल विभागाच्या छताची गळती थांबली, निदान थांबल्यासारखी दिसते. आणि बातम्यांच्या खाली आभार. टाकी धुणाऱ्यांचे, रानमांजर ओळखणाऱ्याचे, गळती शोधायला छपरावर चढलेल्या इंजिनिअरचे. यांचं म्हणणं, विद्यापीठ हे घर आहे आणि घरात एकमेकांची खबर असावी, केलेल्याची जाण असावी. माझं म्हणणं, घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही, त्यावरूनच ते घर आहे हे कळतं.

पण संदेशाची पहिली वाचक मीच. मी महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. दुसऱ्याच्या मजकुरात लाल पेन घालायची सवय निवृत्त झाल्यावरही गेलेली नव्हती. सकाळच्या चहाला हे कागद पुढे सरकवायचे आणि मी 'अत्यंत', 'मनःपूर्वक', 'अथक परिश्रम' हे सगळं खोडायची. हे कळवळून म्हणायचे, "अगं, एक तरी ठेव." मग एखादं 'मनःपूर्वक' मी ठेवायची. मुलांना पास करायला ग्रेस मार्क देतात तसं.

या सगळ्यात एक माणूस होता, ज्याला हे संदेश आवडायचे आणि ज्याला त्यांची भीती वाटायची. तो म्हणजे कुलसचिव. विद्यापीठाचा कारभार बघणारा, कागदांवर सह्या करणारा, आणि यांचा कॉलेजपासूनचा मित्र.

यांचे वडील खडकीला कारखान्यात कामगार, आम्ही विश्रांतवाडीचे. मित्राच्या वडिलांचं मंडईमागच्या गल्लीत कपबशांचं दुकान. ते घराणं पुण्यात किती पिढ्यांपासून होतं हे त्यांनाही सांगता यायचं नाही. दोघांनी मिळून एक सायकल वापरली, एका पुस्तकावर दोन परीक्षा दिल्या. आमचं लग्न विहारात झालं त्या दिवशी पाहुण्यांच्या चहासाठी सगळ्या कपबशा त्याने दुकानातून आणल्या, आणि सगळे जेवायला बसले तेव्हा हा एकटा मागे उकिडवा बसून त्या धूत होता. धुतल्यावर विकायला परत न्यायच्या होत्या ना! आम्हाला भेट म्हणून त्याने एक संच दिला, त्यातल्या एका बशीचा टवका उडालेला. मी बघितलं तर म्हणाला, "वहिनी, बिनटवक्याचा माल गिऱ्हाइकाला. घरच्यांना हा." त्या वेळी मी नवी होते, मला राग आला. 'घरच्यांना' हा शब्द मला नंतर ऐकू आला.

यांना कुलगुरूपदासाठी अर्ज कर म्हणून मागे लागला तोही हाच. हे भिडस्त. "आपल्याला कोण घेतंय," म्हणत बसले असते. त्याने स्वतः येऊन आमच्या जेवणाच्या टेबलावर यांच्याकडून अर्ज लिहून घेतला आणि वर म्हणाला, "तू खुर्चीत बस. कागद मी सांभाळतो." आणि पहिली काही वर्षं त्याने ते सांभाळलेही. बाहेर 'सर', 'साहेब', आणि दार लागलं की 'अरे, गाढवा'. दोघांची कामाची पद्धत मात्र अगदी उलटी. यांना चांगली गोष्ट होणार असं दिसलं की ती आधी सांगून टाकायची घाई. त्याला ती झाल्यावरही सांगायची घाई नसे.

बिघडलं ते ग्रंथालयातल्या हंगामी लोकांवरून. कितीतरी वर्षं ती माणसं हंगामी म्हणून काम करत होती, हंगाम काही संपत नव्हता. त्यांना कायम करावं म्हणून दोघांनी मिळून मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या. एके दिवशी मुंबईहून फोन आला की झालं, मंजूर आहे, पत्र निघतंय. हे त्या दिवशी घरी जेवलेसुद्धा नाहीत आनंदाने. मित्र संध्याकाळी आला होता. यांनी संदेशाचा कागद दाखवला. त्याने वाचला आणि म्हणाला, "कागद येऊ दे आधी."

"अरे, फोन आलाय. खुद्द त्यांचा."

"फोनला जावक क्रमांक नसतो."

"तू ना, जन्माचा कारकून आहेस."

"आहेच. म्हणून तर सांगतोय."

हसतच बोलणं झालं. पण दुसऱ्या दिवशी यांनी संदेश पाठवला. ग्रंथालयातले आपले सहकारी आता कायम होत आहेत, आणि हे काम तडीस नेल्याबद्दल कुलसचिवांचे विशेष आभार. मी त्यातला 'विशेष' खोडला होता, यांनी तो परत घातला. प्रेमानेच घातला. जगाला कळावं की माझ्या मित्राने हे केलं.

ग्रंथालयातली माणसं पेढे घेऊन कुलसचिवांच्या घरी गेली. पत्र आलं नाही. त्या महिन्यात नाही, पुढच्या नाही. मुंबईत अधिकारी बदलला आणि नव्याला जुना फोन आठवेना. मग तीच माणसं संदेशाच्या छापील प्रती घेऊन पुन्हा त्याच्याच दारात उभी राहिली. त्यांचा हिशेब सरळ होता. आभार याचे मानलेत, म्हणजे काम याच्या हातात आहे. मग अडवलंय कुणी? यांच्याकडे कुणी आलं नाही, कारण हे चांगले होते ना. चांगली बातमी यांनी दिली होती. एक बाई त्याच्या घरी जिन्यातच बसून रडली, तिने कायम होणार म्हणून मुलीचं लग्न ठरवलं होतं. भाभींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, तिला आत घेऊन पाणी दिलं. त्याने मात्र त्या दिवशी कचेरीत जाऊन स्वतःच्या सहीने एक खुलासा काढला. 'माननीय कुलगुरूंच्या संदेशातील मजकूर हा भावना व्यक्त करण्यापुरता असून त्यास आदेश समजू नये.'

झालं. ते वाक्य विद्यापीठात म्हणीसारखं फिरलं. कॅन्टीनमध्ये कुणी 'आज चहा माझ्याकडून' म्हटलं की दुसरा विचारायचा, "भावना व्यक्त करण्यापुरता, की पैसे देणार आहेस?" पुण्यात असलं वाक्य सापडलं की माणसं ते वर्षभर पुरवतात. यांना ते फार लागलं. चुकलं होतं यांचंच, हे यांना कळत होतं आणि म्हणूनच जास्त लागलं. हे त्याला बोलले नाहीत, तो यांना बोलला नाही. फायली शिपायाबरोबर यायला लागल्या. समोरासमोर गाठ पडलीच तर "आपण इथे सही करावी" आणि "आपलं काय मत आहे" असं आदबशीर बोलणं. ज्या तोंडातून 'गाढवा' ऐकायची सवय, त्या तोंडातून 'आपण' ऐकणं किती वाईट असतं ते मी यांच्या चेहऱ्यावर बघितलं. मी एकदा म्हटलं, जाऊन या त्याच्याकडे. तर म्हणाले, "त्याने यायला हवं." तिकडे भाभींनी त्याला सांगितलं असणार, आणि त्यानेही हेच उत्तर दिलं असणार. ग्रंथालयातली माणसं अजून हंगामीच आहेत.

असं करत करत यांची मुदत संपत आली. शेवटचा संदेश लिहायचा होता. तो आभारांचाच असणार, आणि तोही यांच्या हातचा, म्हणजे त्यात कुणी राहून चालणार नव्हतं. आपल्याकडे आभारात कोण आहे ते कुणी वाचत नाही, कोण नाही ते मात्र सगळे वाचतात. यांनी आधीपासून तयारी चालवली. सगळे विभाग झाले, वसतिगृहं झाली, माळी, पहारेकरी, कॅन्टीन, सर्पमित्र झाले. फक्त एक वाक्य जमेना.

'कुलसचिवांच्या सहकार्याबद्दल आभार.' हे असं आपण पाणीपुरवठा खात्याला लिहितो. खोडलं. मग चार ओळींचं मोठं वाक्य लिहिलं, त्यात सचोटी आली, शिस्त आली. मी वाचून म्हटलं, "हे टोमणा वाटतंय." आणि खरंच वाटत होतं. पुण्यात कुणाची जरा लांब स्तुती केली की ऐकणारा आधी जखम कुठे झाली ते चाचपून बघतो. खुलाशाबद्दल काहीच न लिहिता आभार मानले तर खोटे वाटायचे, आणि लिहिलं तर आभार कसले? नावं अकारविल्हे लावून बघितली, तर कुलसचिव कॅन्टीनच्या शेजारी जाऊन बसले. ते बघून हे हसले, आणि हसता हसता यांनी कागद पालथा ठेवला. सकाळचा चहा निवायचा आणि हे त्या एका वाक्याशी झटत बसायचे. "राहू दे, बाकीचं पाठवा," असं मी म्हणूही शकत नव्हते. ते नाव नसलेला संदेश गेला असता तर सगळ्या विद्यापीठाने तेवढंच वाचलं असतं.

शेवटचा दिवस आला. शाल, नारळ, फुलं झाली. पदभार देण्याच्या कागदांवर सह्या झाल्या. कागद मित्राने स्वतः आणले आणि म्हणाला, "आपण इथे." हे सह्या करून उठले. संध्याकाळी विश्रांतवाडीच्या घरी आले तेव्हा फुलं रिक्षातच विसरून आले होते. संदेश गेलेला नव्हता.

"आता पाठवा ना इथून," मी म्हटलं.

"ईमेलचं खातं बंद झालं असेल. मुदत संपली की पत्ता बंद, नियम आहे. आणि तो कोण आहे माहीत आहे ना? कचेरी सुटायच्या ठोक्याला बंद केलं असेल."

"उघडून बघा तरी."

"बंद दाराची कडी मी नाही वाजवणार."

यांनी बघितलं नाही. एवढीशी गोष्ट.

पंधरवड्याभरात आमच्या कानावर आलं. मंडईत भाजी घेताना एका प्राध्यापकांच्या पत्नी भेटल्या आणि कोथिंबिरीची जुडी निवडत सहज म्हणाल्या, "सगळ्या मांजरांचे आभार मानले सरांनी, जाताना माणसांचे मानायचे राहिले वाटतं." मी घरी येऊन सांगायला नको होतं, पण मी ते पोटात ठेवणारी बाई नाही. यांनी तो न गेलेला संदेश काढून पुढ्यात घेतला. मग म्हणाले, "आपण एकेकाकडे जाऊन सांगू."

आणि खरंच आम्ही निघालो. कुठे बसने, कुठे रिक्षाने. ते दिवस आठवले की मला अजून हसू येतं आणि मग वाईट वाटतं. माजी कुलगुरू दारात उभा, हातात काही नाही, आणि म्हणतो की मी फक्त आभार मानायला आलोय. कुणाचा म्हणून विश्वास बसेना! एका प्राध्यापकाने आम्हाला बसवून दार लावून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सर, पदवीधर मतदारसंघ ना? आमची घरातली सगळी मतं तुम्हालाच." वसतिगृहाच्या मेसवाल्या बाईंना वाटलं आमच्याकडे लग्न निघालंय, त्यांनी पोळ्यांचा भाव आधीच सांगून टाकला. सर्पमित्राने विचारलं, "घरात निघालाय का?" आणि काठी घ्यायला आत गेला. एकाने तर यांचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, रिपोर्ट काय आलाय?" माणूस मरायला टेकल्याशिवाय आभार मानत फिरणार नाही, अशी लोकांची खात्री. दर वेळी परत येताना हे म्हणायचे, "अगं, निदान ऐकलं तरी त्यांनी." मला वाटायचं, ज्याचं नाव अडलंय त्याच्याकडे सोडून हा माणूस सगळीकडे जातोय.

संगणक विभागातल्या मुलीकडे गेलो तेव्हा ती नेमकी बाळंतपणाच्या रजेवर घरी होती. हिचं काम म्हणजे यांचा संदेश दर महिन्याला सगळ्यांना धाडणं. यांनी आभार मानले तशी ती गोंधळून म्हणाली, "सर, पण लास्ट मेसेज आलाच नाही तुमचा. मी वेट करत होते."

"खातं बंद झालं ना."

"नाही सर. नेक्स्ट डे पूर्ण दिवस ओपन होतं. कुलसचिव सर स्वतः खाली आले होते आमच्या सेक्शनला. म्हणाले, साहेबांना लिहायला वेळ लागतो, उद्यापर्यंत राहू द्या. मी म्हटलं, सर, तसं लेटर लागेल. तर म्हणाले, लेटर नाही, मी सांगतोय." ती जरा हसली. "आम्ही सगळे शॉक. त्यांनी कागदाशिवाय कधी काही सांगितलंच नव्हतं."

हे तसेच उठले. बाळाच्या हातात पैसे ठेवायचेही विसरले, ते मी ठेवले. रस्त्यावर आल्यावर मला म्हणाले, "हडपसरला कुठली बस जाते?"

तोवर मित्रही निवृत्त झाला होता आणि हडपसरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. दार भाभींनी उघडलं. आम्हाला बघून त्यांच्या तोंडून नुसतं "या अल्ला" निघालं आणि त्यांनी माझा हात धरला तो सोडेनात. तो आतून आला. वाळला होता.

"काय काम काढलंत?" तो म्हणाला.

"काम नाही. आभार मानायला आलोय."

"मग थांब," तो म्हणाला. "आधी बस. आभार झाले की माणसं उठतात. तू आत्ता येतोयस."

यांच्या डोळ्यांना धार लागली. त्याने तिकडे बघायचं टाळलं आणि भाभींना चहाचं सांगितलं. मग जरा वेळाने म्हणाला, "दोन दिवस मेल उघडून उघडून बघत होतो. म्हटलं, आभार नाहीतर शिव्या, काहीतरी येईल."

"मला वाटलं, तू बंद केलं असशील."

"उघडून बघितलं नाहीस?"

"नाही."

"बरोबर. बघून मग बोलायचं हे तुझ्या रक्तातच नाही, गाढवा."

हे हसले. किती दिवसांनी हसले! चहा टवक्याच्या बशीत आला. दुकान कधीच विकलं होतं, पण उरलेला माल अजून घरीच चालला होता.

नंतर येणं-जाणं सुरू झालं. ते दिवस चांगले गेले, ते नाकारायचं नाही. भाभींच्या हातचा शीरखुर्मा पुन्हा आमच्या घरी आला, आमची पुरणपोळी तिकडे गेली. दोघे गॅलरीत बसून विद्यापीठातल्या एकेकाची नक्कल करायचे. निघताना मात्र हे दर वेळी उठून घसा साफ करायचे आणि तो हात वर करायचा. "आभार नको. बस, अजून अर्धा कप." हा त्यांचा खेळच झाला. घरी मात्र यांचं ते वाक्य अजून चालूच होतं. मी म्हणे, "अहो, आता कशाला? त्याला कळलंय सगळं." हे म्हणायचे, "कळणं वेगळं. मी सगळ्यांसमोर त्याला अडचणीत आणलं, तेव्हा सगळ्यांसमोरच बोललं पाहिजे." एक दिवस ते वाक्य जमलं. मला वाचून दाखवलं. मी लाल पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं. साधं होतं: चूक माझी होती, ती त्याने अंगावर घेतली, आणि दार मात्र माझ्यासाठी उघडं ठेवलं. विद्यापीठाच्या वर्धापनदिनाला माजी कुलगुरूंना बोलवतात, तेव्हा हे म्हणायचं यांनी ठरवलं. मित्रालाही तिथे यायचं आमंत्रण असणारच होतं.

वर्धापनदिन यायच्या आधी तो गेला. सकाळी फिरायला म्हणून निघाला, बागेतल्या बाकावर टेकला, तो टेकलाच. यांनी खांदा दिला. मी भाभींपाशी बसले होते. त्या रडत नव्हत्या, नुसत्या माझ्या पदराशी चाळा करत होत्या.

आठवड्याने विद्यापीठात शोकसभा झाली. शोकसभेचे नियम सगळ्यांना पाठ असतात. स्वागत नाही, टाळ्या नाहीत, आभार नाहीत. चार माणसं बोलतात, मग सगळे उभे राहून दोन मिनिटं शांत राहतात आणि न बोलता घरी जातात. यांनी शेवटी बोलायची परवानगी मागून घेतली होती. कागद खिशात होता. मी पुढच्या रांगेत भाभींच्या शेजारी बसले. सभागृह भरलं होतं. ग्रंथालयातली हंगामी माणसं मागे एकत्र बसली होती, ती रडलेली बाईही होती. मला आत कुठेतरी बरं वाटलं. म्हटलं, ज्यांनी ऐकायला हवं ते सगळे आहेत.

चार भाषणं झाली. मग हे माईकपाशी गेले, चष्मा लावला, कागद उलगडला, आणि म्हणाले, "मी आज आभार मानण्यासाठी उभा आहे."

मागच्या रांगांतल्या खुर्च्या करकरल्या. कुणाचा दोष नव्हता, पुण्याच्या हाडातच मुरलेली सवय ती. तो शब्द कानावर पडला आणि पाचपंचवीस माणसं अर्धवट उठली. ती उठलेली बघून पुढच्यांना वाटलं, भाषणं संपली, श्रद्धांजलीसाठी उभं राहायचंय. तेही उठले. बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं, माना खाली गेल्या, हात पुढे जुळले. निवेदकानेही मान खाली घातली. भाभी उठल्या, म्हणून मीही उठले.

यांनी तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. त्या शांततेत कोण बोलणार? एवढी माणसं मान खाली घालून उभी, आणि तीही त्याच्यासाठी. हे कागद धरून उभे होते, आणि कागदाची सळसळ तेवढी माईकमधून ऐकू येत होती.

दोन मिनिटं झाली. निवेदकाने मान वर करून हळूच सांगितलं की सभा संपली. माणसं न बोलता बाहेर पडायला लागली, नियमाप्रमाणे. हे तिथेच होते. सभागृह निम्मं रिकामं झालं तरी तिथेच. शेवटी मी वर गेले आणि यांच्या कोपराला हात लावला.

"अहो, चला."

यांनी माझ्याकडे बघितलं. वर्गात नाव घ्यायचं राहिलेल्या मुलासारखे बघत होते.

"अगं, पण माझं राहिलंय अजून," हे म्हणाले.

शिपायाने तोवर माईक बंद केला होता.